‘चालतं का?’ या प्रश्नाचे दोन अर्थ

शाबानचे शेवटचे दिवस होते. पालकसभा संपून वर्ग रिकामा झाला, तरी सातवीतल्या एका मुलीची आई बाकावर बसून राहिली. सगळे गेल्याची खात्री करून तिने पर्समधून गोळ्यांचे एक पाकीट काढले आणि माझ्यापुढे धरले. माला-एन. म्हणाली, "बाजी, हे घेतलं तर चालतं का?"

प्रश्न आला की उत्तर द्यायचे, ही शिक्षकाची खोड. त्यातून हा विषय माझ्या वाचनातला. मी सहाबांच्या काळापासून सुरुवात करून तिला इमाम गझालींपर्यंत आणले. दहा मिनिटे तरी बोलले असेन. तिने अदबीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते माहीत आहे बाजी. घरात कुणाची हरकत नाही. मी विचारतेय, मला चालतं का? माझं अर्धं डोकं दुखतं. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या रेघा चमकतात. ही गोळी माझी जाऊ घेते. तिला काही होत नाही. तिनेच दिलीय."

माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी रेघांचा उल्लेख ऐकला आणि पाकीट बाजूला ठेवले. डोके दुखण्याआधी ज्या स्त्रीला अशा चमकत्या रेघा दिसतात, तिने ही गोळी घेतली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. "ही गोळी वाईट नाही," त्या म्हणाल्या, "पण ही हिच्यासाठी नाही."

त्या दिवसापासून ‘चालतं का’ हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आपल्या समाजात हा प्रश्न आला की आपण तो जायज-नाजायजचा आहे असे गृहीत धरतो आणि तिथेच थांबतो. ‘माझ्या शरीराला चालतं का’ हा दुसरा अर्थ राहून जातो. या दोन्ही अर्थांना इतिहास आहे आणि दोन्ही इतिहास आपल्याला माहीत असायला हवेत.

पहिला अर्थ

पहिला इतिहास जुना आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार, कुरआन अवतरत होते त्या काळात सहाबा अझ्ल करीत, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून वीर्य बाहेर सोडीत, आणि त्यांना मनाई झाली नाही. पुढे फिकहच्या बहुतेक इमामांनी अझ्लला परवानगी दिली. यातली एक अट फारशी सांगितली जात नाही. हनफी, मालिकी आणि हंबली विद्वानांच्या मते अझ्लसाठी पत्नीची संमती लागते. मूल व्हावे की नाही यात तिचाही हक्क आहे, हे त्यामागचे कारण.

इमाम गझालींनी (मृत्यू ११११) ‘इह्या उलूमिद्दीन’मधल्या निकाहच्या प्रकरणात यावर सविस्तर लिहिले आहे. ते नियत तपासतात. बाळंतपणाच्या धोक्यापासून पत्नीचा जीव वाचवणे, मुलांच्या संख्येमुळे येणारी ओढाताण टाळणे, ही कारणे त्यांना मान्य आहेत. मुलगी होईल या भीतीने गर्भ टाळणे मात्र त्यांनी साफ नाकारले आहे. गर्भलिंग तपासणीवर कायदा करावा लागलेल्या आपल्या देशात हे वाचताना नऊशे वर्षांचे अंतर जाणवत नाही.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो इब्न सीना. (९८०–१०३७.) ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात त्याने गर्भनिरोधाचा विचार केला आहे. कोणत्या स्त्रीचा गर्भ वैद्याने टाळावा? जी वयाने लहान आहे आणि बाळंतपणात दगावण्याची भीती आहे, जिच्या गर्भाशयाला आजार आहे, जिचे मूत्राशय दुर्बल आहे. म्हणजे इब्न सीना त्या बाईचाच प्रश्न विचारतो आहे: हिच्या शरीराला काय झेपेल? आपल्या परंपरेत मुफ्ती आणि हकीम हे दोघेही या विषयावर बोलत होते. आपण मुफ्तीचे लक्षात ठेवले, हकीमाचे विसरलो.

आधुनिक काळात १९३७ मध्ये इजिप्तच्या मुफ्तींनी पती-पत्नीने संमतीने गर्भ टाळण्याला परवानगी देणारा फतवा दिला. त्याच सुमारास आपल्याकडे मौलाना मौदूदींनी ‘इस्लाम और जब्त-ए-विलादत’ लिहून संततिनियमनाच्या चळवळीला विरोध केला. मतभेद होते, आजही आहेत. पण मोठा भाग एका मुद्द्यावर एकत्र येतो. गरज पडल्यास तात्पुरते साधन चालते, पुन्हा मूल होऊच नये असे कायमचे ऑपरेशन बहुतेक उलेमांना मान्य नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रिया नसबंदीवर अवलंबून आहेत आणि गोळीवर फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. मुस्लिम स्त्रियांत नसबंदीचे प्रमाण कमी आणि गोळीचे जास्त आहे. म्हणजे ही गोळी सुरक्षितपणे कशी घ्यावी हा इतरांपेक्षा आपल्या घरांचा प्रश्न अधिक आहे.

गोळी आली कुठून

दुसरा इतिहास नवा आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे नोकरी सोडावी लागली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांबाबतचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने मांडला गेला आणि तो नामंजूर झाला.

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींना संयमाशिवाय दुसरा मार्ग मान्य नव्हता. सँगरबाई रिकाम्या हाताने परतल्या, पण स्त्रीच्या स्वतःच्या हातात राहील असे साधन हवे हा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९५३ मध्ये त्यांनी कॅथरीन मॅककॉर्मिक या श्रीमंत विधवेला ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाकडे नेले. मॅककॉर्मिकबाई स्वतः जीवशास्त्राच्या पदवीधर. गोळीच्या संशोधनाचा बहुतेक खर्च या एका बाईने केला. संशोधनाची बाजू पिंकस आणि एम. सी. चँग यांनी सांभाळली, रुग्णांवरची बाजू जॉन रॉक या कॅथलिक स्त्रीरोगतज्ज्ञाने. गोळीतली संप्रेरके स्वस्तात बनवण्याचा मार्ग त्याआधी मेक्सिकोतल्या जंगली कंदातून सापडला होता.

मोठी चाचणी घ्यायची तर त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गर्भनिरोधाविरुद्ध कायदा होता. म्हणून १९५६ मध्ये ती पोर्तो रिको बेटावरच्या गरीब वस्तीत घेतली गेली. तिथल्या बायकांना गोळीने गर्भ राहत नाही एवढे सांगितले होते, आपल्यावर प्रयोग चालू आहे हे सांगितले नव्हते. चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले की गोळी गर्भ रोखते, पण मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या यांच्या तक्रारी इतक्या आहेत की ती सर्वांना देण्याजोगी नाही. पिंकस यांना त्यातल्या बऱ्याच तक्रारी मनाच्या वाटल्या. बाई ‘मला त्रास होतोय’ म्हणते आणि समोरचा म्हणतो ‘तुला वाटतंय’. हे संभाषण आपल्याला काही नवे नाही.

१९६० मध्ये अमेरिकेत ‘एनोव्हिड’ ही पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली. तिच्यात दोन संप्रेरके होती, म्हणून या प्रकाराला संयुक्त गोळी म्हणतात. एक प्रोजेस्टेरॉनसारखे, जे बीजांड बाहेर पडू देत नाही. दुसरे इस्ट्रोजेन. हे दुसरे सुरुवातीला भेसळ म्हणून आले होते. शास्त्रज्ञांनी ते काढून टाकले तर अधूनमधून रक्तस्राव होऊ लागला, तेव्हा ते मुद्दाम पुन्हा घातले. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन होते १५० मायक्रोग्रॅम.

विचारणाऱ्या बायका

१९६१ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवले की ही गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली. तशा घटना आणखी कळत गेल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या अभ्यासांनी संबंध दाखवून दिला. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे कल वाढतो, आणि मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त.

१९६९ मध्ये पत्रकार बार्बरा सीमन यांनी यावर पुस्तक लिहिले. १९७० च्या जानेवारीत अमेरिकी सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी सुनावणी बोलावली. साक्षीला डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले. गोळी घेणारी एकही बाई साक्षीला बोलावली नव्हती. ॲलिस वूल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्या उठून विचारू लागल्या, ज्यांच्या पोटात ही गोळी जाते त्यांना कुणी का विचारत नाही? त्यांना बाहेर काढले. त्या पुन्हा आल्या. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद घालणे अमेरिकेत बंधनकारक झाले.

इस्ट्रोजेनची मात्राही उतरत गेली. १९६९ मध्ये ब्रिटनने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त मात्रा टाळण्याचा सल्ला दिला. अमेरिकेत त्याहून जास्त मात्रेच्या उरलेल्या गोळ्या १९८८ मध्ये बाजारातून गेल्या. आज माला-एन आणि माला-डी या गोळ्यांत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असते, पहिल्या गोळीच्या पाचवा हिस्सा. आजची गोळी पुष्कळ सुरक्षित आहे. ती तशी झाली यात संशोधकांइतकाच गप्प न बसलेल्या बायकांचा वाटा आहे.

आता त्या बाईच्या हातातले पाकीट आठवा. जावेने दिलेले. त्यात कागद नव्हताच.

आपल्याकडे काय झाले

कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश, वर्ष १९५२. पण आपल्या समाजाच्या आठवणीत ते साल नाही, १९७६ आहे. तुर्कमान गेट. हरियाणातले उटावर, जिथे पोलिसांनी गाव वेढून पुरुषांना नसबंदीसाठी नेले. महाराष्ट्राने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. या आठवणीमुळे पुढे सरकारी दवाखान्यातून आलेल्या प्रत्येक गोळीकडे संशयाने पाहिले गेले. दुसरीकडे ‘हे लोक काही करतच नाहीत’ हा प्रचार आजही थांबलेला नाही. खरे तर मुस्लिम स्त्रियांचा सरासरी प्रजननदर १९९२–९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९–२१ मध्ये २.४ वर आला.

हा बदल आपल्या बायकांनी घडवला. पण बराचसा गुपचूप. जावेकडून, शेजारणीकडून, औषधाच्या दुकानातून थेट. एका बाजूला संशय, दुसऱ्या बाजूला टोमणे, यांच्या मधोमध ती गोळी पदराआड घेतली गेली. लपून घेतलेल्या औषधाबद्दल प्रश्न विचारता येत नाहीत.

दुसऱ्या अर्थाचे उत्तर

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर डॉक्टरबाईंकडून विचारून घेतलेले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत वाचलेले इथे देते. तपासणीला जाताना काय सांगायचे आणि काय विचारायचे हे त्यावरून कळेल.

संयुक्त गोळी कुणी घेऊ नये? पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल तिने. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तिने. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहत असेल तिने. डोळ्यांपुढे रेघा चमकून अर्धशिशी होते तिने. स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तिने. वय ३५ च्या पुढे आणि विडी-सिगारेट ओढते तिने. आपल्याकडे बायका विडी क्वचित ओढतात, मशेरी मात्र लावतात. नियम धूम्रपानाचा आहे, तरी मशेरी-तंबाखूची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा आठवडे ही गोळी अजिबात घेऊ नये आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत दुसरे साधन निवडावे. मधुमेह असेल तर आधी विचारावे.

क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपीन ही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. क्षयाचे औषध चालू असलेली बाई रोज गोळी घेऊनही गरोदर राहू शकते, आणि दोष गोळीला दिला जातो.

भीतीलाही मोजमाप हवे. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे दोघींना रक्ताची गाठ होते. माला-एनमध्ये जे लेव्होनॉरजेस्ट्रेल असते त्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका त्याहूनही जास्त असतो. म्हणून जिला चालते तिने घाबरून सोडू नये आणि जिला चालत नाही तिने जावेचे पाहून घेऊ नये.

पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकाच्या, ७ लोहाच्या. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू केली तर लगेच संरक्षण मिळते. त्यानंतर सुरू केली तर पहिले सात दिवस निरोध वापरावा. एक गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालते. संप्रेरकाच्या लागोपाठ दोन किंवा अधिक राहिल्या तर आठवताच एक घ्यावी, पुढे रोज चालू ठेवावे आणि सात दिवस निरोध वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात झाले तर लोहाच्या गोळ्या सोडून लगेच नवे पाकीट सुरू करावे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. न चुकता घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही गर्भ राहत नाही. प्रत्यक्षात चुकतमाकत घेतली जाते तेव्हा हे प्रमाण शंभरात सातच्या आसपास जाते.

छातीत दुखणे, दम लागणे, एका पोटरीत दुखून सूज येणे, अचानक तीव्र डोकेदुखी, दिसायला अंधूक होणे, बोलताना जीभ अडखळणे, पोटात जोराची कळ. यातले काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता आपल्या घरातले प्रश्न. रमजानमध्ये गोळी रोज इफ्तारनंतर किंवा सहरीत घ्यावी. एरवी दुपारी घेत असाल तर पहिल्या रोजाला ती सहरीतच घ्यावी, म्हणजे अंतर वाढत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून डाग पडतात, ते बहुधा आपोआप थांबतात. नमाज-रोजाचे काय करायचे हे आलिमांना विचारावे, पण त्यासाठी पाकीट मध्येच सोडू नये.

उमराह किंवा हजसाठी पाळी पुढे ढकलायची असेल तर माला-एन घेणारीने लोहाच्या गोळ्या न घेता थेट पुढचे पाकीट सुरू केले तरी चालते. महिन्याचा तो खंड शरीराच्या गरजेचा नाही. पहिली गोळी आखताना पाळी नेहमीसारखी वाटावी म्हणून तो ठेवला होता. त्यापासून आरोग्याला काही लाभ नाही, असे ब्रिटनच्या तज्ज्ञ संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट केले. पाळी लांबवायला दुकानातून घेतल्या जाणाऱ्या नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्या वेगळ्या. त्या गर्भनिरोधक म्हणून घ्यायच्या नसतात आणि रक्ताची गाठ होऊन गेलेल्या स्त्रीने त्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. विमानाचा लांबचा प्रवास असेल तर हे आणखी महत्त्वाचे.

त्या बाईला डॉक्टरबाईंनी तांबी बसवली. तांबीत संप्रेरक नसते, त्यामुळे अर्धशिशीचा अडसर नाही. जाताना त्यांनी विचारले, "आणि तुमच्या जावेचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी तपासलं?" दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. सहा वर्षे गोळी घेणाऱ्या जावेच्या दंडाला कधी पट्टा बांधला गेला नव्हता.

आमच्या मोहल्ल्यात जुमेरातला बायकांचा दर्स असतो. ईदनंतरच्या एका दर्सला आम्ही आरोग्यसेविकेला बोलावले. दर्स झाला, दुआ झाली, पुरुष कुणी नव्हतेच. तिने रक्तदाबाचे यंत्र मांडले आणि एकेकीला बसवून विचारू लागली. जाऊ रांगेत तिसरी होती.